होकाराचे उत्तरदायित्व

तैवानची राजधानी तैपेई येथील मध्यवर्ती निवडणूक आयोगाच्या कचेरीसमोर १३ सप्टेंबर २०१८ रोजी हुआंग शी-श्यू नावाच्या एका तरुण कार्यकर्त्याने अन्नत्याग आरंभला. देशातील सर्व अणुविद्युत्केंद्रे २०२५ सालापर्यंत बंद झाली पाहिजेत असे फर्माविणारे वीजकायद्यातील कलम राहावे की रद्द व्हावे, हा प्रश्न सार्वमतास टाकण्यासाठी नागरिकांनी दिलेल्या सह्यांचा उरलेला गठ्ठा आयोगाने दाखल करून घ्यावा, एवढीच त्याची मागणी होती. आणि ती मान्य न झाल्याने सुमारे एकशेचाळीस तासांनंतर प्रकृती ढासळलेल्या अवस्थेत त्याला रुग्णालयात हलवावे लागले. अणुशक्तीच्या विरोधासाठी लोकांनी मोर्चे काढल्याचे, रेल्वेमार्ग अडविल्याचे आणि तुरुंगवास पत्करल्याचे वृत्तांत आपण गेली पन्नास वर्षे वाचीत आलो आहोत. परंतु अणुशक्ती हवी असे म्हणणाऱ्याने, तेही कायद्याने दिलेल्या मार्गावरून तसूभर न ढळता, स्वतःचा देह पणाला लावावा ही घटना इतकी विरळा आहे की, तिच्यामागे कोणता विचार होता, त्या विचाराचे पुढे काय झाले आणि त्यातून आपण काय घ्यावे, याचा शोध स्वस्थपणे घेणे मला अगत्याचे वाटते.

हा शोध घेताना तैवानातील अणुशक्तीचा प्रश्न कोणत्या मातीत रुजला हे आधी पाहिले पाहिजे. त्या बेटावर १९४९ ते १९८७ अशी अडतीस वर्षे लष्करी कायद्याचा अंमल होता. सत्तरच्या दशकात सरकारने 'दहा महान निर्माणकार्ये' हाती घेतली, त्यांत उत्तर किनाऱ्यावरील चिनशान येथील पहिल्या अणुविद्युत्केंद्राचा समावेश होता. ते १९७८ साली सुरू झाले, त्यामागून क्वोशेंग आणि दक्षिण टोकावरील माआनशान ही केंद्रे उभी राहिली, आणि १९८५ च्या सुमारास देशातील निम्म्याहून अधिक वीज या तीन ठिकाणच्या सहा अणुभट्ट्यांतून येऊ लागली. तेलाच्या टंचाईने पोळलेल्या आणि स्वतःचे इंधन जवळपास मुळीच नसलेल्या देशाच्या दृष्टीने हा पराक्रम लहान नव्हता. पण ज्या गावांच्या शिवारात ही केंद्रे उभारली गेली त्या गावांना कोणी विचारले नाही. विचारण्याची रीतच त्या राज्यात नव्हती. म्हणून १९८६ च्या सप्टेंबरात पहिला खराखुरा विरोधी पक्ष, म्हणजे लोकशाही प्रगतिशील पक्ष, स्थापन झाला तेव्हा अणुशक्तीचा विरोध हा त्याच्या लोकशाहीनिष्ठेचाच एक भाग बनला. त्याच वर्षीच्या एप्रिलमधील चेर्नोबिलच्या अपघाताने त्या विरोधाला भयाची धार आणली असली, तरी त्याचे मूळ अधिक खोल होते. अणुभट्टीला 'नको' म्हणणे म्हणजे न विचारता निर्णय घेणाऱ्या सत्तेला 'नको' म्हणणे, असे त्या पिढीचे समीकरण होते, आणि ते समीकरण तिने अनुभवाने कमावलेले होते.

त्या पिढीचे प्रतिनिधी म्हणून लिन ई-शुंग यांच्याकडे पाहता येईल. लोकशाहीच्या चळवळीपायी ते कारावासात असताना २८ फेब्रुवारी १९८० रोजी त्यांच्या वृद्ध मातेची आणि जुळ्या बालिकांची राहत्या घरात हत्या झाली. तिचा छडा आजतागायत लागलेला नाही. ते घर पुढे प्रार्थनामंदिर झाले, आणि त्याच वास्तूत, २२ एप्रिल २०१४ रोजी, लुंगमेन येथील चौथ्या अणुविद्युत्केंद्राचे काम थांबावे म्हणून लिन यांनी बेमुदत उपोषण आरंभले. १९९९ पासून बांधले जात असलेले, मध्यंतरी एकदा थांबवून पुन्हा सुरू केलेले आणि अफाट खर्च झालेले ते केंद्र मोहोरबंद करण्याचे सरकारने आठवड्याच्या आत जाहीर केले. त्या आधीच्या तीन वर्षांत फुकुशिमाची दुर्घटना घडली होती, तैपेईच्या रस्त्यांवर प्रचंड मोर्चे निघाले होते, आणि अशा वेळी ज्याच्या वैयक्तिक यातनेपुढे सारा देश नतमस्तक होता अशा वृद्धाचा शब्द मोडण्याचे धैर्य कोणत्याही सरकारला झाले नसते. लिन यांचे उपोषण आणि त्यानंतर चार वर्षांनी झालेले हुआंग यांचे उपोषण एकमेकांशेजारी ठेवून पाहिली की ध्यानात येते ते हे की, साधन एकच होते, निष्ठा दोन्हीकडे निर्विवाद होती, आणि बदलला होता तो काळ.

काळ बदलला म्हणजे काय झाले? जी मुले लष्करी कायदा उठल्यानंतर वाढली, त्यांच्या लेखी अणुभट्टी हे हुकूमशाहीचे प्रतीक उरले नव्हते. त्यांच्या डोळ्यांसमोर दुसरेच दृश्य होते. देशाच्या मध्यभागी तायचुंग येथे पाच हजार पाचशे मेगावॉट क्षमतेचे, जगातील अतिप्रचंड केंद्रांत गणले जाणारे, कोळशावरील वीजकेंद्र धूर ओकीत होते, आणि हिवाळ्यात त्या प्रदेशाचे आकाश मळकट होई. जानेवारी २०१७ मध्ये तत्कालीन राष्ट्राध्यक्ष त्साय इंग-वेन यांच्या सरकारने वीजकायद्यात दुरुस्ती करून पंचाण्णवाव्या कलमात २०२५ ची मुदत घातली. त्याच वर्षी १५ ऑगस्ट रोजी तातान येथील वायुकेंद्राला होणारा इंधनपुरवठा दुरुस्तीच्या कामात झालेल्या चुकीने दोन मिनिटे खंडित झाला, तेवढ्याने त्या केंद्राचे सहाही संच बंद पडले, साठ लाखांहून अधिक घरे अंधारात गेली, आणि आर्थिक व्यवहारमंत्र्यांनी त्याच रात्री राजीनामा दिला. आयात केलेल्या द्रवरूप वायूचा साठा जेमतेम अकरा दिवस पुरावा, समुद्रापलीकडे सामर्थ्यवान आणि वैरभाव बाळगणारा शेजारी असावा, आणि अशा स्थितीत चालू असलेल्या अणुभट्ट्या आपल्या हाताने बंद करण्याचा कायदा आपण करावा, हे त्यांतील पुष्कळांच्या बुद्धीला पटेना.

फुकुशिमानंतरच्या वर्षांत यांपैकी काही तरुण, त्यांत भौतिकशास्त्राचे अभ्यासक होते तसेच वैद्यकीय किरणोत्सर्गाच्या क्षेत्रात काम करणारेही होते, अणुशक्तीविषयी पसरलेल्या अफवांचे निरसन करावे या हेतूने एकत्र आले; छिंग ह्वा विद्यापीठातील अणुविज्ञानाच्या काही प्राध्यापकांचा त्यांना आधार मिळाला. त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा एका हिशेबात होता, आणि तो हिशेब कोणालाही कागदावर मांडून पाहता येतो. माआनशान येथील एका अणुभट्टीची क्षमता साधारण साडेनऊशे मेगावॉट. ती वर्षाचे नऊ-दशांश काळ चालली तर सुमारे साडेसात अब्ज युनिट वीज देते. तेवढीच वीज कोळशापासून घ्यावयाची तर, एका युनिटामागे जवळजवळ एक किलो या हिशेबाने, वर्षाकाठी सत्तर लक्ष टनांच्या आसपास कर्बवायू वातावरणात जातो, आणि त्याच्या जोडीला जी सूक्ष्म धूळ जाते ती माणसांच्या फुफ्फुसांत बसते. फुकुशिमाविषयीही त्यांचे म्हणणे असेच मोजून-मापून केलेले होते. तेथे दीड लाखांहून अधिक माणसांना घरे सोडावी लागली ही भीषण गोष्ट त्यांनी नाकारली नाही. परंतु त्या प्रांतातील दोन हजारांहून अधिक मृत्यू हे घाईघाईच्या स्थलांतराचे आणि त्यानंतरच्या हालअपेष्टांचे फळ होते, किरणोत्सर्गाचे नव्हे, ही नोंद भयाच्या कोलाहलात हरवू नये असा त्यांचा आग्रह होता. सौरशक्ती आणि पवनशक्ती यांच्याशी त्यांचे वैर नव्हते; अणुशक्तीच्या आधाराने हरित ऊर्जा वाढवावी असाच त्यांच्या मोहिमेच्या नावाचा आशय होता.

परंतु बिनचूक हिशेब जवळ असणे आणि तो राज्यकर्त्यांच्या निर्णयात उतरविणे यांत मोठे अंतर असते, आणि ते अंतर कापण्याची संधी एका कायद्याने दिली. डिसेंबर २०१७ मध्ये तैवानच्या विधिमंडळाने सार्वमताचा कायदा सुधारला. मतदारसंख्येच्या दीड टक्का, म्हणजे सुमारे दोन लक्ष ब्याऐंशी हजार, वैध सह्या मिळाल्या की कोणाही नागरिकाचा प्रस्ताव मतदानास येऊ शकेल, मताचे वय अठरा असेल, आणि अनुकूल मते प्रतिकूल मतांहून अधिक असून एकूण मतदारांच्या चतुर्थांशाइतकी भरली तर प्रस्ताव संमत होईल, अशी तजवीज झाली. सही म्हणजे केवळ नावाचा फराटा नव्हे; प्रत्येक कागदावर ओळखपत्राचा क्रमांक आणि दप्तरी नोंदलेला पत्ता यांची अचूक नोंद लागे. अशा सह्या लाखांनी गोळा करणे, त्यांची छाननी करणे, गठ्ठे बांधणे या कामात झळाळी मुळीच नसते, आणि चळवळीचे खरे सत्त्व अशाच कामात उतरते.

सप्टेंबर २०१८ च्या आरंभी हुआंग आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी तीन लाखांहून अधिक सह्या आयोगाकडे दाखल केल्या. काही बाद होतील या अंदाजाने मुदतीच्या आत आणखी सुमारे चोवीस हजार सह्या ते घेऊन गेले, तेव्हा सह्या एकाच वेळी द्यावयाच्या असतात असे सांगून आयोगाने त्या घेण्याचे नाकारले. आणि या नकारातून ते उपोषण उद्भवले. ऑक्टोबरात आयोगाने निवाडा दिला की दाखल सह्या दोन हजारांच्या आसपास कमी पडतात. हुआंग आणि त्यांचे सहकारी यांनी उच्च प्रशासकीय न्यायालयाकडे दाद मागितली, न्यायालयाने नाकारलेला गठ्ठा स्वीकारून मोजण्याचा हुकूम दिला, आणि मतदानाला जेमतेम महिना उरला असता त्यांचा प्रस्ताव सोळाव्या क्रमांकाने मतपत्रिकेवर आला. २४ नोव्हेंबर २०१८ रोजी ५८,९५,५६० मतदारांनी, म्हणजे वैध मत देणाऱ्यांपैकी एकोणसाठ टक्क्यांहून अधिकांनी, कलम रद्द करण्याच्या बाजूने कौल दिला. त्याच दिवशी औष्णिक विजेचे उत्पादन दर वर्षी सरासरी निदान एक टक्क्याने घटवावे, हाही प्रस्ताव लोकांनी संमत केला. दोन्ही कौल एकत्र वाचले तर तैवानी मतदाराच्या मनात काय होते ते स्पष्ट होते.

येथवरची कथा विजयाची आहे, पण खरी परीक्षा पुढे होती. कलम कायद्यातून गेले. धोरण मात्र राहिले. प्रत्येक अणुभट्टीचा परवाना चाळीस वर्षांचा, त्याची मुदत संपत आली की वाढीचा अर्ज आधी पुरेसा काळ करावा लागे, आणि तो अर्ज न करता मुदत सरू देणे हे सरकारच्या हाती होते. चिनशान, क्वोशेंग आणि अखेर माआनशान अशा एकेक भट्ट्या विझत गेल्या; १७ मे २०२५ रोजी शेवटची थांबली. दरम्यान २०१९ मध्ये सार्वमताचा दिवस निवडणुकांच्या दिवसापासून कायद्यानेच वेगळा करण्यात आला, त्यामुळे मतदानाचा उत्साह ओसरला. लुंगमेन सुरू करावे हा हुआंग यांचाच दुसरा प्रस्ताव १८ डिसेंबर २०२१ रोजी मतास आला, तेव्हा बहुमताने तो फेटाळला: अनुकूल मते अडतीस लाखांवर, प्रतिकूल बेचाळीस लाखांवर. त्या केंद्राचे न वापरलेले इंधन तोवर परदेशी परत पाठविलेले होते आणि त्याच्या भूगर्भीय सुरक्षिततेविषयीचे प्रश्न लोकांच्या मनात जागे होते. २३ ऑगस्ट २०२५ रोजी माआनशान पुन्हा चालू करण्याविषयी विधिमंडळाच्या पुढाकाराने पुन्हा सार्वमत झाले. त्रेचाळीस लाखांनी होकार दिला, पंधरा लाखांनी नकार, तरीही आवश्यक पन्नास लाखांचा आकडा न गाठल्याने प्रस्ताव पडला, आणि सुरक्षेची तपासणी करून पुढचा विचार करू असे राष्ट्राध्यक्ष लाय छिंग-ते यांनी सांगितले. एकदा जिंकून हातात न आलेले, एकदा स्वच्छ हरलेले आणि एकदा संख्येने जिंकून नियमाने हरलेले असे हे तीन कौल आहेत. आणि तिन्ही वेळा निकाल कायद्याच्या चौकटीतच स्वीकारला गेला, ही गोष्ट मला त्या चळवळीच्या यशाहून मोलाची वाटते.

हा प्रवाह एकट्या तैवानचा नाही. शेजारच्या दक्षिण कोरियात अणुअभियांत्रिकीचे विद्यार्थी २०१९ मध्ये रेल्वेस्थानकांवर उभे राहून थांबविलेल्या अणुभट्ट्यांचे बांधकाम पुन्हा सुरू व्हावे म्हणून सह्या गोळा करीत होते. हवामानासाठी शाळेवर बहिष्कार टाकण्याच्या आंदोलनात उतरलेली ईया आन्स्टूट ही अठरा वर्षांची स्वीडिश युवती २०२३ मध्ये ग्रीनपीससारख्या बलाढ्य संस्थेविरुद्ध उभी राहिली. युरोपीय संघाने शाश्वत गुंतवणुकीच्या यादीत अणुशक्तीला दिलेले स्थान न्यायालयात आव्हानित करणाऱ्या त्या संस्थेला, हा दावा मागे घ्या, असे तिने जाहीरपणे विनविले आणि स्वतः त्या खटल्यात पक्षकार होण्याची परवानगी मागितली. फिनलंडच्या हरित पक्षाने २०२२ मध्ये अणुशक्तीविषयीची आपली जुनी भूमिका बदलली. निसर्गरक्षणाची तळमळ ज्या घरांत जन्मली त्याच घरांतून हा होकार येत आहे, आणि त्यामागे धनिकांचा हात शोधू पाहणाऱ्यांनी या मुलांची कळकळ वाचलेली नाही असेच म्हणावे लागेल.

तथापि माझ्या मते या चळवळीचा अपुरा राहिलेला भाग तिच्या विरोधकांनी दाखविलेला नाही. तो तैवानच्याच आग्नेय समुद्रातील एका लहान बेटाने दाखविला आहे. लान्यू हे त्या बेटाचे नाव. तेथे ताओ नावाचे आदिवासी लोक राहतात, उडत्या माशांची मासेमारी आणि अळूकंदाची शेती यांवर त्यांचा निर्वाह चालतो. १९८२ पासून मुख्य बेटावरील केंद्रांतला कमी तीव्रतेचा किरणोत्सर्गी कचरा पिंपांत भरून तेथे आणला गेला, आणि अशी सुमारे एक लक्ष पिंपे साठविली गेली. तेथे मासे डबाबंद करण्याचा कारखाना होणार असे आपल्याला सांगण्यात आले होते, अशी तेथील वृद्धांची साक्ष आहे. १९८८ च्या फेब्रुवारीत, शिक्षण घेऊन परतलेल्या ताओ तरुणांच्या पुढाकाराने, बेटावरील लोकांनी 'दुष्टात्म्यांना हाकलून द्या' म्हणत मोर्चा काढला. पुढे पिंपे गंजली, त्यांतला माल पुन्हा बांधून भरावा लागला. १ ऑगस्ट २०१६ रोजी राष्ट्राध्यक्ष त्साय यांनी आदिवासींची सरकारच्या वतीने क्षमा मागताना लान्यूचा उल्लेख केला. २०१९ मध्ये सुमारे अडीच अब्ज तैवानी डॉलरची भरपाई जाहीर झाली. पिंपे मात्र तेथेच राहिली, कारण ती घेण्यास देशातले दुसरे कोणतेच गाव राजी झाले नाही.

मुख्य बेटावरची स्थितीही निराळी नाही. क्वोशेंग येथील पहिली अणुभट्टी २०२१ मध्ये परवान्याची मुदत सरण्याच्या आधीच थांबवावी लागली, कारण वापरलेले इंधन ठेवण्याच्या तलावात जागाच शिल्लक नव्हती. आणि चिनशान येथे बांधून तयार असलेले कोरड्या साठवणीचे आवार स्थानिक शासनाच्या परवानगीवाचून वर्षानुवर्षे रिकामे पडून होते. या गोष्टी अभियांत्रिकीच्या दृष्टीने असाध्य नाहीत. कोरड्या साठवणीची पद्धत अनेक देशांत दशकानुदशके चालू आहे, आणि फिनलंडने ओन्कालो येथे खडकाच्या पोटात, चारशेहून अधिक मीटर खोल, कायमचे भांडार खोदले आहे. पण फिनलंडमध्ये ज्या युराजोकी गावाच्या हद्दीत ते भांडार आहे, त्या गावाला नकाराचा पूर्ण अधिकार होता आणि त्याने स्वेच्छेने होकार दिला. लान्यूला तो अधिकार कोणी दिला नाही. जी गोष्ट विश्वासाने मागितली असती तर कदाचित मिळाली असती, ती फसवून घेतल्याने साऱ्या देशात कोणाकडे मागण्याची सोयच उरली नाही. अणुशक्तीचे खरे नुकसान तिच्या शत्रूंच्या मोर्च्यांपेक्षा तिच्या जुन्या मालकांच्या त्या असत्याने अधिक केले.

म्हणून मला असे निश्चितपणे वाटते की समर्थन हे विरोधापेक्षा जड कर्तव्य आहे. विरोध करणाऱ्याला 'हे नको' एवढे म्हणून थांबता येते, आणि पुष्कळदा तेवढे म्हणणेच त्याचे काम असते; समर्थकाला मात्र तेथे थांबता येत नाही. वीज हवी म्हणणाऱ्याने भट्टी कोठे ते सांगितले पाहिजे, भट्टी कोठे ते सांगणाऱ्याने राख कोठे ते सांगितले पाहिजे, आणि राख ज्याच्या दाराशी ठेवायची त्याचा होकार मिळेपर्यंत आपला होकार अपुरा मानला पाहिजे. तैवानच्या तरुणांनी पहिला हिशेब उत्तम मांडला आणि तो अठ्ठावन्न लाखांहून अधिक लोकांना पटवून दिला. दुसरा हिशेब ते जेव्हा तितक्याच चिकाटीने लान्यूच्या लोकांसमोर बसून मांडतील, तेव्हा त्यांच्या विजयाला सरकारे बगल देऊ शकणार नाहीत.

आपल्या किनाऱ्यावर हा प्रश्न परका नाही. भारतातील पहिले अणुविद्युत्केंद्र तारापूरला १९६९ मध्ये सुरू झाले, आणि त्याच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. त्यांच्या पुनर्वसनाचे गाऱ्हाणे उच्च न्यायालयापर्यंत गेले. रत्नागिरी जिल्ह्यात माडबन परिसरात सहा अणुभट्ट्यांचा जैतापूर प्रकल्प योजलेला आहे. त्यासाठी नऊशेहून अधिक हेक्टर जमीन संपादन झाली, आणि एप्रिल २०११ मध्ये तेथील आंदोलनात गोळीबारात एका मच्छीमाराचा बळी गेला. आता २०४७ पर्यंत देशात एक लक्ष मेगावॉट अणुवीज निर्माण करण्याचा संकल्प केंद्र सरकारने २०२५ च्या अर्थसंकल्पात सोडला आहे. मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांतून शिकणाऱ्या, वातावरणाच्या भवितव्याने व्याकुळ झालेल्या आमच्या मुलामुलींपैकी काहींना हा संकल्प योग्य वाटेल, आणि माझ्या अल्पमतीला तो वाटण्यात काही गैर दिसत नाही. चंद्रपूरची धूळ ज्यांनी श्वासात घेतली आहे त्यांना तर कोळशाची किंमत निराळी सांगावयास नको. पण त्यांनी आपले समर्थन शहरातील सभागृहांत उभे करू नये. त्यांनी माडबन आणि साखरी नाटे येथे जावे, समुद्रात सोडल्या जाणाऱ्या कोमट पाण्याने मासळीचे काय होईल या मच्छीमाराच्या प्रश्नाला आकड्यांनिशी उत्तर द्यावे, उत्तर ठाऊक नसेल तेथे शासनाच्या दप्तरातून ते मागून आणावे, आणि संपादित जमिनीच्या मोबदल्याची, आमराईची, अपघातप्रसंगीच्या स्थलांतराची कागदपत्रे ग्रामसभेत उघडून वाचावीत. त्या ग्रामसभेने सारे ऐकून घेऊनही नकार दिला, तर तो नकार शिरोधार्य मानण्याची तयारी त्यांच्यापाशी असावी.

एवढे ज्या तरुणाला साधेल त्याचे समर्थन कोणत्याही कंपनीच्या जाहिरातीहून आणि कोणत्याही मंत्र्याच्या आश्वासनाहून वजनदार ठरेल. कारण अणुशक्तीला या देशात उणीव आहे ती युरेनियमइतकीच विश्वासाची, आणि विश्वास खाणीतून काढता येत नाही. सत्तेने गमावलेला तो विश्वास नागरिकांनी नागरिकांपाशी बसून पुन्हा मिळवावयाचा आहे. हे काम दीर्घ आहे, त्यात पराभव आहेत, आणि तैवानच्या तरुणांनी दाखविल्याप्रमाणे पराभवानंतरही पुन्हा कायद्याच्याच दारात उभे राहण्याची शक्ती लागते. ती शक्ती आमच्या तरुणांत आहे अशी माझी श्रद्धा आहे, आणि ती त्यांनी वेळीच कामी लावावी असे मला मनःपूर्वक वाटते.